भेंडीला फूल येण्याचे दिवस

पोळा झाला की मायच्या बोटांना खाज सुटते. यंदाही सुटली. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले, कातडीवर काहीच नाही म्हणाले आणि एक मलम लिहून दिलं. माय ते मलम लावते, माझ्या समाधानासाठी. मग गच्चीच्या कठड्याशी खुर्ची ओढून बसते आणि एका हाताच्या अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताच्या बोटांवरून फिरवत राहते.

"मलमानं जायची न्हाई ही," ती म्हणते. "भेंडीला फूल यायचे दिवस हायत. थोडे दिस खाजंल, मग आपोआप ऱ्हाईल."

लातूरला आमच्या घराभोवती भेंडीचं रान नाही. गच्चीवर कुंड्या आहेत, रंगाचे रिकामे डबे आहेत, एक फुटका टब आहे. नळाला पाणी येईल तेव्हा येईल, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणीही मी वर नेते. समोरच्या मोकळ्या जागेत तरोटा कमरेएवढा माजलाय. पाऊस उघडून भाद्रपदाचं चिकट ऊन पडलं की ओल्या पाल्याचा कडसर वास वर येतो आणि माझी मीच मला आमच्या गावच्या रानात उभी असलेली दिसते. परकर चिखलानं जड झालेला, मनगटापर्यंत हात खाजणारे, आणि सभोवती खांद्याएवढी भेंडी.

आमचं गाव धर्माबादकडचं. शिवेच्या पलीकडं तेव्हाचं आंध्र, आत्ताचं तेलंगण. आठवडी बाजारात निम्म्या बायका भेंडीला बेंडकाय म्हणायच्या. मी अकरावीत होते त्या वर्षी बियाण्याच्या एका कंपनीनं आमच्या शिवारात बी तयार करायला भेंडीचे प्लॉट दिले. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला प्लॉट. आमच्या विहिरीला पाणी होतं. वडिलांनी, म्हणजे दादांनी, सही केली आणि बियांच्या शिवलेल्या पिशव्या घरी आल्या. नराच्या वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. पिशव्यांवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता.

कंपनीचा सुपरवायझर तरणा पोरगा होता, बाहेरगावचा, बोलायला गोड. सगळ्या बायकांना मावशी म्हणायचा. आमच्या शेजारच्या सुभद्राकाकूंनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, ह्या वाणाचं नाव काय वो?"

"नाव नसतं मावशी. नंबर असतो."

"लेकराला नंबर देऊन सोडतेत का कुठं?"

बायका खळखळून हसल्या. नराच्या ओळी प्लॉटच्या एका कडेला होत्या. सुभद्राकाकूंनी त्या झाडांना जावई म्हणायला सुरुवात केली, कारण तो बाहेरून येणार, चार दिवस मान घेणार आणि काम झालं की कंपनी त्याला उपटून टाकायला लावणार. मग रोजचंच झालं. "चला गं, जावई उठला." "आज जावई लई रुसलाय, फुलंच न्हाईत."

काम असं असायचं. दुपार कलली की उद्या उमलणाऱ्या कळ्या हुडकायच्या. अंगठ्याच्या नखानं कळीला गोल चीर द्यायची, टोपणासारखी पाकळी उचलून काढायची, आतले परागाचे पिवळे दाणे खरवडून टाकायचे. मधली नाजूक दांडी मोडू द्यायची नाही. तिच्यावर कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाची फुलं ओटीत घेऊन निघायचं, टोपी काढायची, फूल त्या दांडीवर हलकेच घासायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा बांधलेली शेंग कंपनीची. चुकून सुटलेल्या कळीला आपोआप शेंग धरली तर ती तोडून टाकायची. ती घरी न्यायची नाही, भाजीलाही नाही. भेंडीच्या पानांना आणि देठांना बारीक टोचरी कूस असते. ती नखाच्या कडेत शिरायची. दिवसभर कळ्या सोलून बायकांची बोटं सुजायची, आणि तरी घरी जाऊन भाकरी थापायची असायची.

मी कॉलेजातून आले की दप्तर टाकून प्लॉटवर जायचे. मला ते काम आवडायचं, हे सांगायला हवं. सकाळच्या उन्हात भेंडीचं फूल उघडतं तेव्हा त्याच्या पिवळ्या पाकळ्यांच्या तळाशी गर्द तांबडा, काळ्याकडं झुकलेला रंग दिसतो. शेकडो फुलं एकदम उघडायची. दुपारपर्यंत मिटूनही जायची. इतकं देखणं फूल इतक्या थोड्या वेळासाठी, आणि त्यातही आम्ही आदल्या संध्याकाळीच निम्मी कापून ठेवलेली. पुढं कधी फुलांच्या दुकानात गेले की मला उगाच नखं लपवावीशी वाटायची.

आमच्या घरामागं परस होतं. न्हाणीचं पाणी तिकडं जायचं. त्या ओलीवर वाल, दोडका, कारलं, आणि पांढरी भेंडी. ही भेंडी बाजारात मिळायची नाही. दिवाळीपर्यंत माणसाच्या डोक्याच्या वर जायची. शेंग फिकट, जवळजवळ ताकाच्या रंगाची, जाड, आठ शिरांची. बोटाहून लांब झाली तरी कोवळीच. माय ती तव्यावर शेंगदाण्याच्या कुटात परतायची आणि ती कधी तार सुटून बुळबुळीत व्हायची नाही. माय नवी नवरी होऊन गावात आली तेव्हा सुभद्राकाकूंनीच तिला हे बी दिलं होतं, पदराच्या टोकाला बांधून. काकूंनी ते त्यांच्या माहेराहून आणलेलं. त्यांच्यामुळं सगळ्या गल्लीत पांढरी भेंडी होती. कुणाचं बी गेलं तर शेजारणीकडून घ्यायचं. कुणी ते जपून ठेवतंय असं कुणाला वाटायचं नाही, कारण ते सगळीकडं होतं.

नागपंचमीच्या सुमारास सुपरवायझर परसात आला. भेंडीकडं बघून म्हणाला, "मावशी, ही काढावी लागेल."

"कामून? ती काय करून राहिली तुमचं?"

"मधमाशी हिच्यावर बसती आणि उडून प्लॉटवर येती. आपल्या बियात हिची भेसळ होती. तपासणीत दिसलं तर प्लॉट नापास."

"मग माशीला सांगा की."

"माशीला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय," तो म्हणाला. चिडून नाही, हात जोडून.

आमच्या परसातल्या भेंडीला तो भेसळ म्हणत होता. त्या वेळी मला त्या शब्दात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं. आमच्या घरात, आमच्या न्हाणीच्या पाण्यावर कधीपासून उभी असलेली ती, आणि कालपरवा नंबर घेऊन आलेल्यात भेसळ करणारी तीच.

मायनं त्याच संध्याकाळी सगळी झाडं उपटली. नुकती फुलावर आलेली. मग ती गल्लीतल्या घराघरांत गेली. प्लॉटवर तर सगळ्याच येत होत्या, त्यामुळं कुणी मोडता घातला नाही. "एका सालाचा तर प्रश्न हाय," सगळ्या म्हणाल्या. सुभद्राकाकूही म्हणाल्या, "काढते."

त्यांनी एक ठेवलं. गोठ्याच्या भिंतीमागं, रस्त्यावरून दिसणार नाही असं. महालक्ष्म्या बसायच्या आदल्या आठवड्यात सुपरवायझरला ते दिसलं, फुलांनी भरलेलं. तो आमच्या घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. वरचे साहेब तपासणीला येणार होते. हे झाड आज निघालं नाही तर महिनाभराचं सगळ्यांचं काम पाण्यात जाईल, एवढंच म्हणाला. दादा म्हणाले, मी जातो. माय म्हणाली, "तुम्ही नका जाऊ. माझी गडीण हाय ती, जिवाची मैतरीण."

मी मायबरोबर गेले. काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मायनं काही सांगायच्या आधीच त्यांना कळलं असावं.

"एकच हाय कौसा," त्या म्हणाल्या. "बियापुरतं ठेवलंय. पोटाला न्हाई."

"मला मालूम हाय सुभद्रे. पर समद्या बायांची मेहनत हाय."

"माझी न्हाई का?"

माय उभीच राहिली. मग काकू उठल्या, आढ्याला खोचलेला विळा घेतला, गोठ्यामागं गेल्या आणि झाड घेऊन आल्या. मुळापासून नाही, बुडखा राखून कापलेलं. ते त्यांनी मायच्या पायाशी टाकलं.

"घे. घाल तुझ्या जावयाला."

मायनं ते उचललं आणि प्लॉटवर नेलं, सुपरवायझरला दाखवायला. रस्त्यानं जाताना त्यातलं एकेक फूल गळत होतं. मी मागं चालत होते आणि ती फुलं ओलांडून चालत होते.

दुसऱ्या दिवसापासून सुभद्राकाकू प्लॉटवर आल्या नाहीत. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या लागतात. दरवर्षी त्या मिसळीची भाजी काकू आणि माय मिळून करायच्या, सगळी चिराचिरी आमच्या ओसरीवर व्हायची. त्या वर्षी माय एकटीनं बसून चिरत होती. घरासमोर भेंडीचं अख्खं रान उभं होतं आणि भाजीत घालायला भेंडी दादांनी धर्माबादच्या बाजारातून आणली होती. हिरवीगार, गुळगुळीत, सगळ्या शेंगा एका मापाच्या.

प्लॉट पास झाला. वाळलेल्या शेंगा दोऱ्यांसकट पोत्यात भरून गेल्या. त्या प्लॉटच्या पैशावर मी पुढं नांदेडला शिकले, लातूरला नोकरीला लागले, ही गच्ची मिळाली. हे मी विसरत नाही. म्हणून त्या कंपनीला शिव्या देणं मला कधी नीट जमलेलं नाही. शिव्या द्यायला लागले की माझ्याच अंगावरचे कपडे आठवतात.

एका सालाचा प्रश्न एका सालात संपला नाही. पुढच्या वर्षी प्लॉट वाढले. परसात भेंडी लावायची नाही, हे आता सांगावंही लागत नव्हतं. डब्यात उरलेलं बी म्हातारं होत गेलं. मग एका उन्हाळ्यात कंपनीची गाडी आलीच नाही. कुणी म्हणालं, त्यांना दुसरीकडं स्वस्त मजूर मिळाले. कुणी म्हणालं, तो वाणच बंद झाला. मृग निघाला तेव्हा बायकांनी पांढऱ्या भेंडीचं बी एकमेकींना विचारलं. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीकडं असेल.

कुणाकडंच नव्हतं. गल्लीत कुणी मेलं असतं तर रडारड झाली असती. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. बायका दुकानात गेल्या आणि पुडी घेऊन आल्या. पुडीतलं बी औषध लावून गुलाबी केलेलं, हाताला रंग लागणारं. त्याच्या शेंगांचं बी मायनं पुढच्या वर्षासाठी धरून पाहिलं. उगवलं, पण एक झाड उंच, एक खुजं, एकाची शेंग वाकडी, बाकीची झाडं पानं पिवळी पडून गेलेली. जणू एका आईची लेकरंच नव्हेत. तेव्हापासून दर मृगाला दुकान. सुभद्राकाकूंकडं मात्र माय विचारायला गेली नाही. काकू प्लॉट असतानाच लेकाबरोबर नांदेडला राहायला गेल्या होत्या, तेव्हाही ती निरोप घ्यायला गेली नव्हती.

दादा गेल्यावर माय माझ्याकडं आली. तिच्यासाठी म्हणून मी गच्चीवर कुंड्या मांडल्या आणि हळूहळू त्यांचं वेड मलाच लागलं. आता मी दुकानातली पुडी आणत नाही. ज्या बायका घरचं बी धरतात त्यांच्याकडून आणते, आणि माझं धरलेलं त्यांना देते. उदगीरहून दोडका आला, निलंग्याहून गवार. नांदेडच्या एका बियाण्याच्या मेळ्यात किनवटकडच्या जंगलातल्या गावाची एक बाई भेटली. तिच्याकडं फिकट रंगाची भेंडी होती. मी तिच्यापुढं खालीच बसले. तिनं कागदाच्या पुडीत बी बांधून दिलं आणि म्हणाली, "मला परत नगं. दुसऱ्या कोनाला दे."

ती भेंडी छान आली. ढीगभर शेंगा देते. आमच्या कॉलनीतल्या कितीतरी घरांत आता ती आहे. मायनं पहिली शेंग मोडून पाहिली, वास घेतला, शिरा मोजल्या.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पर ही किनवटची हाय."

तेवढंच. मी दर वर्षी कुठूनतरी एखादं बी आणते, माय शेंग मोडून पाहते. ही बिलोलीची हाय. ही कुठलीबी असंल, आपली न्हाई. एकदा मी वैतागून म्हणाले, अगं भेंडी ती भेंडी. माय माझ्याकडं बघत राहिली. "तुला दुसरं लेकरू आणून दिलं तर चालंल का?" असं काही ती म्हणेल असं मला वाटलं. पण ती उठली, खाली जाऊन झोपली.

यंदा उन्हाळा संपता संपता ती एका सकाळी म्हणाली, "नांदेडला जाऊ. सुभद्रेकडं."

काकू रेल्वेलाईनपलीकडच्या वस्तीत राहतात. लेक ऑटो चालवतो. दोन खोल्या, अंगण नाही, दारातच नाली. काकूंना आता फारसं दिसत नाही. मायनं हाक मारली तेव्हा त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"कौसा?"

"हाव."

"लई उशीर केलास."

माय त्यांच्याजवळ खाली फरशीवर बसली. सुनेनं चहा केला. इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या, कोण गेलं, कोण राहिलं. मग मायनं विचारलं, "सुभद्रे, बी हाय का गं?"

काकूंनी सुनेला पेटी काढायला लावली. लुगड्यांच्या खालून औषधाची एक काचेची बाटली निघाली, राखेनं भरलेली.

"ते झाड तोडलं ना, तवा बुडाची पयली शेंग वाळत आली होती. ती ठिवली," काकू म्हणाल्या. "तू मागायला येशील म्हनून ठिवली. उनं दाखवली, राख बदलली. तू आलीच न्हाईस."

"कोन्त्या तोंडानं येऊ?"

"ह्याच की. आत्ता आलीस तसं."

"तूच का न्हाई पेरलंस?"

"कुठं पेरू? तिथं होते तवर प्लॉट हटला न्हाई. हितं आले तर माती न्हाई." काकूंनी बाटली चाचपत मायच्या हातात दिली. "तुझ्या गच्चीवर माती हाय म्हनं."

मी त्या बाटलीकडं पाहिलं आणि मला माहीत होतं. मायला तर माझ्या आधी माहीत होतं. भेंडीचं बी एवढी वर्षं जिवंत राहत नाही. तरी तिनं बाटली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि कमरेला खोचली. परतीच्या बसमध्ये लातूर येईपर्यंत तिचा एक हात कमरेवरच होता.

घरी येऊन तिनं राख चाळली. हाताच्या तळव्यात मावेल एवढं बी. काहींना भुंग्यानं भोकं पाडलेली. वाटीत पाण्यात टाकलं. चांगलं बी तळाला बसतं. हे सगळं वर तरंगत राहिलं. माय वाटीजवळ बसून होती, थोड्या वेळानं एखादं तरी खाली जाईल म्हणून. मग तिनं ते निथळून घेतलं आणि गच्चीवरच्या सगळ्यांत मोठ्या टबात पेरलं.

काही उगवलं नाही. मातीवर भेगा पडल्या. माय पाणी घालत राहिली. मी दोनदा म्हणाले, आता त्यात मेथी तरी टाकू. तिनं ऐकलं नाही.

मग एके दिवशी काकूंचा फोन आला. सुनेनं लावून दिला होता. "कौसा, उगवलं का गं?"

मी स्वयंपाकघरात होते.

"उगवलं," माय म्हणाली. "दोन पानांवर हाय."

पलीकडून इतका मोठा हसण्याचा आवाज आला की मला तो स्वयंपाकघरात ऐकू आला.

त्यानंतर दर आठवड्याला फोन येतो. आषाढात झाड वीतभर झालं होतं. श्रावणात गुडघ्याला लागलं. देठाला बुडाशी तांबूस झाक आली का, असं काकूंनी विचारलं, तेव्हा मायनं आली म्हणून सांगितलं, कोणत्या बाजूनं जास्त आणि कोणत्या बाजूनं कमी तेही सांगितलं. तिला बोलताना ऐकलं की ते झाड मला दिसतं. एकदा तर मी खरंच जिना चढून वर गेले. टबात ओली माती होती आणि तळच्या भोकातून पाणी ठिबकत होतं.

मी म्हणाले, किनवटच्या शेंगा काकूंना पाठवू. त्यांना कुठं दिसतं आता.

"हातात घेतली की कळंल तिला," माय म्हणाली.

काल फोन आला तेव्हा मी तिच्याजवळच होते. महालक्ष्म्या तोंडावर आल्यात. माय सांगत होती, फूल आलंय, पहिली शेंग धरलीय, फिकट हाय, आठ शिरांची हाय.

"पयली खाऊ नको बरं का," काकूंचा आवाज आला. "बियाला ठिव. आन् बी वाळलं की माझ्या सुनंला दे थोडं. ती नालीच्या कडंला डबा ठेवते म्हनली."

"देते," माय म्हणाली. "देते की."

फोन बंद झाला. माय तो हातात धरून बसून राहिली. पडद्यावरचा उजेड गेला तेव्हा तिनं तो माझ्याकडं दिला.

"ती असंस्तोवर तिला सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "आन् तिच्या आधी मी गेले, तर तिचा फोन तू उचल."